रेसकोर्सवरची डॉक्टर

कॅसिनोत मराठी माणूस भेटला की तो आधी बफेच्या जेवणाचं नाव घेतो. मीही घेतलं. समोरचा घेत होता, मग आपण का मागे राहावं? पण ते पुढे येईल. आधी आम्ही तिथे का गेलो होतो ते सांगतो. नाहीतर आयुष्यात लॉटरीचं तिकीट न घेतलेला, मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी मंडळात खुर्च्या मांडणारा माणूस रविवारी भरदुपारी ओहायोतल्या कॅसिनोत काय करत होता, असं तुम्हाला वाटेल.

आमची मुलगी तिथे काम करते. म्हणजे कॅसिनोत नाही. कॅसिनोच्या मागे रेसकोर्स आहे, तिथे धावणारे घोडे ती सांभाळते. घोड्याला धुणं, खरारा करणं, पायांना पट्ट्या बांधणं, शेण काढणं, शर्यतीच्या दिवशी साज चढवून त्याला मैदानापर्यंत नेणं, आणि परत आला की अंग थंड होईपर्यंत त्याला फिरवणं. मराठीत हे काम करणाऱ्याला मोतद्दार म्हणतात. हा शब्द मला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकामुळे माहीत होता. आपल्याच घरात एक निघेल असं वाटलं नव्हतं.

इंजिनिअरिंगची दोन वर्षं चांगल्या मार्कांनी पार पाडून तिने कॉलेज सोडलं, त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हा मी तिच्याशी पाच महिने बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर राग पहिल्या महिन्यातच संपला होता. उरलेले चार महिने सुरुवात कशी करावी हे सुचत नव्हतं. मग बोलायला लागलो, पण ते बोलणं म्हणजे जेवलीस का, गाडीचं ऑइल बदललंस का, थंडी किती आहे. ती एका वाक्यात उत्तर द्यायची, तेही इंग्रजीत. मीही सुटलो असं समजून फोन बायकोकडे द्यायचो.

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळीत कुणीतरी मला विचारलं, मुलगी काय करते हल्ली? मी म्हणालो, घोड्यांमध्ये असते. यात खोटं काही नव्हतं.

"म्हणजे व्हेट! जनावरांची डॉक्टर!" आमचे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष माझ्याच वयाचे, मूळचे ठाण्याचे. आवाज असा की माइक त्यांना फक्त शोभेला लागतो. त्यामुळे ते जे म्हणाले ते अख्ख्या हॉलने ऐकलं.

मी श्रीखंडाचा डाव उचलला आणि वाढून घेऊ लागलो. नाही म्हणालो नाही. मौन म्हणजे संमती, हे काय मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. म्हणूनच तोंड उघडलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मुलीचा विषय निघाल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर तो बिचाऱ्याचा भाव नव्हता, आणि मला ते गोड लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांचा मेसेज आला. त्यांचा लॅब्रॅडॉर पंजे चाटून चाटून लाल करत होता. 'जरा डॉक्टरांना विचारा ना.'

आता काय करायचं? मी मुलीला लिहिलं, 'कुत्रे पंजे का चाटतात?' एवढंच. कुणाचा कुत्रा, कशासाठी, काही नाही. अर्ध्या तासात तिचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. चार मिनिटं! इतक्या वर्षांत ती माझ्याशी सलग चार मिनिटं बोलली नव्हती. घोडे राहतात त्या फार्मवर पाच कुत्रे आहेत, त्यांच्यातल्या एकाला हेच झालं होतं, साध्या पाण्याने पंजे धुवायचे, बोटांमधली जागा कोरडी करायची, काटा आहे का बघायचं. शेवटी म्हणाली, "बट आय ॲम नॉट अ व्हेट, बाबा. डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

मी अध्यक्षांना लिहिलं, 'डॉक्टरांचं म्हणणं: पंजे साध्या पाण्याने धुवून बोटांमधली जागा कोरडी करावी. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय जास्त सांगता येत नाही, तरी जवळच्या व्हेटना दाखवून घ्यावं.' याने तिचा मान आणखी वाढला. जो डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतो तो प्रामाणिक, असं आपल्या लोकांचं मत असतं.

मग रांगच लागली. कुणाच्या कुत्र्याच्या कानात घाण, कुणाचा जेवत नाही, कुणाचा चार जुलैच्या फटाक्यांना घाबरून बाथटबमध्ये जाऊन बसतो. मी मंडळाच्या जनावरांच्या दवाखान्याचा कंपाउंडर झालो. प्रत्येक प्रश्न मी माझाच असल्यासारखा मुलीला पाठवायचो आणि ती प्रत्येकाला भरभरून उत्तर द्यायची. मागून बादलीचा आवाज यायचा, घोड्याचं फुरफुरणं यायचं. कुत्र्याचं सांगता सांगता ती तिच्या लाडक्या घोड्यावर घसरायची. दोन वर्षांपूर्वी पुढचा पाय सुजून आलेला घोडा. मालकाने जवळजवळ आशा सोडली होती. ही रोज तासभर त्याचा पाय बर्फात ठेवून शेजारी बसायची. तो दुसऱ्या कुणालाही चावतो, हिला नाही. मी हे सगळं ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकायचो. लोकांना कामापुरतं पाठवायचो. बाकीचं मी ठेवून घेत होतो.

बायको पुण्याची आहे. ती माझ्या खोट्याला हातभार लावत नव्हती, फक्त बघत होती. "तुम्ही सांगितलंय, तुम्हीच निस्तरा," एवढंच तिचं म्हणणं.

या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने मला पॅकेज देऊन निवृत्त केलं. गाड्यांच्या ब्रेकवर एकतीस वर्षं काम केलेला माणूस मी. आणि सप्टेंबरमध्ये मुलीचा फोन आला. जुना रेसकोर्स पाडून नवा बांधलाय, कॅसिनोसकट. रविवारी दुपारी तिचा घोडा तिथे धावणार होता.

"कम ना, बाबा," ती म्हणाली. "तू इतके प्रश्न विचारतोस. एकदा येऊन बघ तरी."

प्रश्न माझे आहेत असं तिला वाटत होतं. आणि त्या प्रश्नांच्या जोरावर आमच्यात जे थोडंफार उभं राहिलं होतं, ते कशावर उभं आहे हे फक्त मला आणि बायकोला ठाऊक होतं. गाडीत बसल्या बसल्या बायको म्हणाली, "आज सांगून टाका तिला. दुसऱ्याकडून कळलं तर वाईट." मी हो म्हणालो. टोलिडो ओलांडेपर्यंत माझा निश्चय पक्का होता.

तो जुना रेसकोर्स मी एकदाच पाहिला होता, तोही गाडीतून. सहा वर्षांपूर्वी तिची गाडी बंद पडली होती म्हणून मी तिला सोडायला गेलो होतो. रंग उडालेली लाकडी बाकं, गळकं छप्पर, कानावर पेन्सिल अडकवलेले म्हातारे. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. ती उतरली, मी वळलो. आत येऊन बघतोस का असं तिने विचारलं होतं की नाही, हे मला आठवत नाही. बहुतेक विचारलं होतं.

आता तिथे काचेचा महाल उभा होता. दारात एक गार्ड बॅगा तपासत होता. बायकोने मुलीसाठी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणला होता. बाहेरचं खाणं आत चालणार नाही म्हणून गार्डने तिला परत गाडीकडे पाठवलं. जाताना ती मराठीत जे बोलली ते त्याला कळलं नाही, हे बरं झालं.

ती डबा ठेवून आल्यावर आम्ही आत पाऊल टाकलं आणि मी गोंधळलो. रेसकोर्स म्हणून आलो होतो, आणि नजर जाईल तिथपर्यंत नुसती यंत्रं. लुकलुकणारी, किणकिणणारी, ओळीने मांडलेली. खाली फुलाफुलांचा गालिचा. कुठे घड्याळ नाही, खिडकी नाही. यंत्रांपुढे बसलेली बहुतेक माणसं माझ्या वयाची किंवा मोठी. कुणी हसत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. ऑक्सिजनची नळी लावलेल्या एक आजी एका हाताने बटण दाबत होत्या आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या मैत्रिणीला लोकरीचा नमुना समजावून सांगत होत्या. मी घरून पूर्वग्रहाची शिदोरी बांधूनच निघालो होतो, पण त्या आजींवर मला रागावता येईना. निवृत्त झाल्यापासून दुपारी दोन ते पाच हा वेळ किती लांब असतो हे मला कळलं आहे. इथे निदान कुणीतरी शेजारी बसतं.

घोडे कुठे आहेत, असं एका कर्मचाऱ्याला विचारलं तर त्याला क्षणभर आठवावं लागलं. मग त्याने पार मागच्या बाजूला बोट दाखवलं.

त्या दिशेने जाताना एक ओळखीची पाठ दिसली. अध्यक्ष! त्यांच्या पट्ट्याला एक स्प्रिंगची दोरी होती आणि तिच्या टोकाचं, नेहमीच्या गिऱ्हाइकांना देतात तसलं कार्ड समोरच्या यंत्रात खोचलेलं होतं. आम्हाला पाहून ते ताडकन उठले, तशी ती दोरी ताणली गेली आणि ते दावणीला बांधल्यासारखे जागीच थांबले. शेजारच्या यंत्रावर त्यांच्या सौभाग्यवती होत्या. त्यांचीही दोरी तशीच.

"आम्ही आपलं बफेसाठी आलो होतो," अध्यक्ष म्हणाले. "इथला बफे छान आहे म्हणतात."

"आम्हीही बफेसाठीच," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"आम्ही मुलीला भेटायला आलोय," बायको म्हणाली. "तिचा घोडा आहे आज."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "डॉक्टर इथे असतात? रेसकोर्सच्या डॉक्टर? अहो, मग आम्हाला भेटलंच पाहिजे! आमच्या कुत्र्याला त्यांनी बरं केलंय." त्यांनी दोरी सोडवली. माझ्याकडे पाहून बायकोने भुवई उचलली. सांगायची ही वेळ होती. मी म्हणालो, "चला ना, चला."

रेसकोर्सकडे जायच्या वाटेवर एक खोली होती, तिथे जुने म्हातारे हलवून बसवले होते. प्रत्येकापुढे छोटा टीव्ही, हातात घडी घातलेला शर्यतीचा कागद. त्यांच्यातल्या एका टोपीवाल्याला मी विचारलं, पुढच्या शर्यतीतला सात नंबरचा घोडा कसा आहे? माझ्या मुलीने तो नंबर सांगितला होता. म्हातारा खुलला. "सात? ती मुलगी सांभाळते तो? चांगली पोर आहे. त्याच्याशी कुठल्यातरी परक्या भाषेत बोलत असते. घोड्याला कळतं बहुतेक." मग त्याने जुन्या रेसकोर्सची आठवण काढली. छप्पर गळायचं, पण टापा ऐकू यायच्या, म्हणाला. आता काचेतून फक्त दिसतं. तरी या यंत्रांच्या पैशातून शर्यतींची बक्षिसं निघतात, नाहीतर घोडे केव्हाच बंद झाले असते, हेही त्यानेच सांगितलं. मी त्याचे आभार मानले. परक्या भाषेचं मात्र डोक्यात राहिलं. आमच्याशी ती इंग्रजीत बोलते.

घोड्यांना साज चढवायची जागा नव्या इमारतीत मोठ्या काचेमागे केली आहे, लोकांना बघता यावं म्हणून. आम्ही चौघे काचेपाशी उभे राहिलो. आमची मुलगी आत होती. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, केस टोपीत कोंबलेले. सात नंबरच्या तपकिरी घोड्याच्या पोटाखाली वाकून ती पट्टा ओढत होती. घोड्याने त्याच क्षणी शेण टाकलं. तिने शांतपणे फावडं घेतलं, ते उचललं आणि पुन्हा पट्ट्याकडे वळली.

"डॉक्टर स्वतः शेण काढतात?" अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"अमेरिकेत सगळं स्वतःच करावं लागतं," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी काचेकडे तोंड फिरवलं. आत मुलीने मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि हात उंच करून जोरजोरात हलवला. काचेमुळे आवाज येत नव्हता, पण 'बाबा' म्हणाली हे ओठांवरून कळलं. मला इतकं ओशाळं वाटलं की माझा हात अर्धाच वर गेला.

शर्यत वेगळ्याच तऱ्हेची होती. घोड्यावर कुणी बसत नाही. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी, तिच्यात पाय पुढे पसरून हाकणारा. आमच्या विदर्भातल्या शंकरपटाची आठवण झाली, फक्त बैलांच्या जागी घोडा. सुरुवात करून द्यायला एक मोटार असते, तिच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्या पसरलेल्या. घोडे त्या दांड्यांमागून पळत येतात आणि वेग जमला की मोटार निसटून जाते. तिचे ब्रेक कसे असतील याचा विचार मी पहिली काही सेकंद करत होतो, सवयच ती. मग सात नंबर दिसला आणि ब्रेक विसरलो. या घोड्यांना चौखूर उधळायची परवानगी नाही. उधळला तर हाकणाऱ्याला लगाम खेचून त्याला मागे घ्यावं लागतं. अंगात जोर असून चाल सोडायची नाही, हे फार अवघड काम. सात नंबरने चाल सोडली नाही. नऊ घोड्यांत चौथा आला. अध्यक्ष म्हणाले, "अरेरे." मी मात्र रेलिंगवर हात आपटत होतो, हे बायकोने हात धरल्यावर मला कळलं. दोन वर्षांपूर्वी ज्याला नीट उभं राहता येत नव्हतं तो चौथा आला होता.

इमारतीच्या मागे घोड्यांचे ट्रेलर लागतात. बायकोने गाडीतून पुऱ्यांचा डबा आणला आणि आम्ही कुंपणाच्या फाटकापाशी थांबलो. अध्यक्ष दांपत्यही थांबलं. त्यांना कसं कटवावं हे मला सुचलं नाही, आणि त्यांचा उत्साह खरा होता. तासाभराने मुलगी घोड्याला घेऊन आली. त्याचं अंग धुतलेलं, वर जाळीचं पांघरूण. ती त्याच्याशी बोलत येत होती. "हळू रे बाबू, हळू. झालं, झालं. शहाणा माझा." मराठी! आणि स्वच्छ मराठी. हेच शब्द मी तिला लहानपणी ताप आला की म्हणत असे.

"बाबा! डिड यू सी हिम?" तिने मला एका हाताने मिठी मारली. तिच्या अंगाला घोड्याचा आणि मलमाचा वास येत होता.

"डॉक्टर!" अध्यक्ष पुढे झाले. "थँक यू हं. तुम्ही सांगितल्यासारखं केलं. पंजे एकदम क्लीन! परत चाटणं नाही की काही नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडून 'अं' एवढंच निघालं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग ती हसून म्हणाली, "काका, मी डॉक्टर नाही. मी ग्रूम आहे. आय टेक केअर ऑफ द हॉर्सेस. पण तुमचा डॉगी बरा झाला ना? दॅट्स गुड."

अध्यक्षांचा चेहरा उतरला, पण माणूस मोठा. "बरा झाला ना, मग झालं तर," ते म्हणाले. त्यांच्या सौभाग्यवतींनी घोड्याच्या मानेवर भीत भीत बोट टेकवलं आणि मुलीला म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या जनावराचं सगळं तू एकटी करतेस? धन्य आहे बाई." मग अध्यक्षांनी मला चार पावलं बाजूला घेतलं. "हे बघा," ते पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "आम्ही इथे दिसलो हे तुम्ही कुठे बोलू नका. डॉक्टरचं आम्ही कुठे बोलणार नाही."

त्यांचा हेतू चांगला होता. पण हळू आवाज म्हणजे त्यांचा हळू आवाज. मुलीला सगळं ऐकू गेलं असणार.

"तुमचं मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणालो. "माझं मात्र मीच सांगणार आहे. येत्या कोजागिरीला, सगळ्यांसमोर. तुम्ही कशाला लपवता?"

ते गेले. मला वाटलं, आपण काही मोठं केलं. मुलीने वर पाहिलंही नाही. तिने घोडा ट्रेलरला बांधला, जमिनीवर बसली आणि त्याच्या पुढच्या पायाला पट्टी गुंडाळू लागली. बायको डबा घेऊन मुद्दाम लांब एका दगडावर जाऊन बसली.

"पंजे त्यांच्या कुत्र्याचे," मुलगी म्हणाली. मी हो म्हणालो.

"कान?"

"मंडळात एक नवीन जोडपं आलंय. त्यांचा."

"फटाके? बाथटबवाला?"

"चँडलरला माझा मामेभाऊ आहे ना, त्याचा."

"ॲरिझोना?" ती म्हणाली. "वाव." एरवी आम्ही दोघं यावर हसलो असतो. पट्टीचे वेढे एकावर एक बसत होते, एकसारखे. "आणि न जेवणारा?"

"तो कुणाचा ते मलाही माहीत नाही. ओळखीतून आला होता."

तिने पट्टी संपवली, टोक दाबून बसवलं. मग मराठीत म्हणाली, एकेक शब्द शोधून. "मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचं आहे. म्हणून विचारतोस. मला वाटलं, कुत्रा नुसतं निमित्त आहे."

मला लाज वाटली. सहा वर्षं तिच्या कामाची वाटत होती, ती कशी फालतू होती हे आता कळलं. खरी लाज अशी असते, पायाखालची जमीन ओढून घेणारी. "मी सगळे मेसेज पूर्ण ऐकायचो," मी म्हणालो. "दोन दोनदा."

"फॉरवर्ड करायला."

"कुत्र्यांचं फॉरवर्ड करायला. घोड्याचं नाही."

ती दुसऱ्या पायापाशी सरकली. घोड्याने मान खाली घालून तिच्या टोपीला नाक लावलं आणि तिने न बघता त्याला बाजूला सारलं. अर्धी पट्टी झाल्यावर तिचा हात थांबला.

"आणि म्हातारा घोडा?"

"कुठला?"

"यू आस्क्ड मी. म्हातारा घोडा काम थांबलं की दिवसभर काय करतो. ते कुणाचं होतं? मंडळात कुणाकडे घोडा आहे?"

"ते माझं होतं," मी म्हणालो.

आता तिने वर पाहिलं. "मी काय सांगितलं होतं?"

ती परीक्षा घेत होती. पण हा धडा मला पाठ होता. "तू म्हणालीस, त्याला कुरणात सोडतात. गवत भरपूर असतं, त्रास कसला नसतो. पण पहिले काही आठवडे तो रोज पहाटे फाटकापाशी येऊन उभा राहतो. कुणीतरी साज घेऊन येईल म्हणून. मग कुणी येत नाही, आणि ऊन वर आलं की तो आपला परत फिरतो."

तिने पट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "दॅट वॉज एप्रिल," ती म्हणाली. "तुझं रिटायरमेंट. मी त्याच वीकमध्ये तुला फोन केला. कसा आहेस विचारलं. यू सेड, फर्स्ट क्लास."

"म्हणालो खरं."

"खोटं."

"हो," मी म्हणालो. "तेही खोटं."

तिने उरलेली पट्टी गुंडाळली. उठली, हात पँटला पुसले, घोड्याची दोरी सोडली आणि त्याला ट्रेलरच्या फळीवर चढवलं. तो गुमान चढला. ती दार लावायला वळली तेव्हा मी जवळ गेलो. मनात वाक्य तयार करत होतो, जुळत नव्हतं, तसंच बोललो. "उद्या सकाळी मी तुझ्या फार्मवर आलो तर चालेल का? मधे मधे नाही करणार. कोपऱ्यात उभा राहून बघेन फक्त."

तिने दाराची कडी घातली, एकदा ओढून पाहिली.

"तिथे नुसतं उभं राहायला कुणाला जमत नाही," ती माझ्या चकचकीत बुटांकडे बघत म्हणाली. "पाच वाजता ये. आणि हे बूट घालून येऊ नकोस."